पहिला शेजार

आमचे बाबा, मार्सियल, अंथरुणातच गेले, हृदय थांबून. हे मुद्दाम सांगते, कारण त्यांचं मरण वेगळंच असणार हे गावात बऱ्याच जणांनी ठरवून टाकलं होतं. बास्क मुलूख स्पेनपासून तोडायला निघालेल्या संघटनेने आमच्या भिंतीवर त्यांचं नाव रंगवलं होतं, भोवती नेम धरायचं वर्तुळ काढून. त्यांचा गुन्हा एवढाच, की नगरपालिकेत ते माद्रिदवाल्यांच्या पक्षाकडून बसायचे. पुढे कित्येक वर्षं ते अंगरक्षकाशिवाय गाय चारायलाही गेले नाहीत, पण गाव काही सोडलं नाही.

आता शवपेटी तयार होती आणि आई अडून बसली होती.

"पहिला शेजार आल्याशिवाय मार्सियल या घरातून निघायचा नाही."

आमच्या डोंगरात प्रत्येक घराला एक पहिला शेजार असतो, चर्चकडे जाताना लागणारं लगतचं घर. कुणी मेलं की त्याने चर्चमधून क्रूस आणून प्रेतापुढे चालायचं आणि त्या दिवशी मेलेल्याच्या घरची चूलही त्यानेच पेटवायची. बोलावणं धाडायची रीत नाही. माणसांचं पटो न पटो, घरं एकमेकांना बांधलेली असतात.

आमचा पहिला शेजार इराओला. त्या घरात मिकाएला एकटी राहायची. तिचा मुलगा उनाई त्याच संघटनेसाठी बंदूक उचलून तुरुंगात गेला होता, देशाच्या पार दक्षिण टोकाला. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

"ती कशाला येतेय? भिंत रंगवली तेव्हा पुसायला आली होती का?" माझं डोकं फिरलं होतं. "मी सरळ गाडी मागवते."

"बापाला पोत्यासारखा गाडीत टाकणार? बस खाली."

"आणि नाहीच आली तर?"

"तर इराओलाचं नाक कापलं जाईल. आपलं नाही."

बाहेर काका, मामा आणि बाबांचा अंगरक्षक खांदा द्यायला ताटकळत होते. तो धिप्पाड माणूस सकाळपासून रडत होता. पाद्रीबुवांचे निरोपावर निरोप येत होते. आई ढिम्म. मला तिचा राग येत होता, आणि भीतीही वाटत होती. ही बाई बाबांना घरातच ठेवणार आणि गावाला हसायला आयतं निमित्त मिळणार.

मग वळणावर क्रूस दिसला. तो धरून मिकाएला चढ चढत होती, काळ्या कपड्यांत, धापा टाकत. भर चौकातून सगळ्यांदेखत आणला होता तिने. मागोमाग उनाईचे दोस्त आले होते.

"मावशी, कुणासाठी चाललीयस कळतंय का?" त्यांतला एक म्हणाला. "उनाईला काय सांगशील?"

मिकाएला वळली. "सांगेन, इराओला अजून उभं आहे म्हणून. तुझ्या आजीपुढे पहिला शेजार चालला होता ना रे? मग टोपी काढ."

पोराने इकडेतिकडे पाहिलं आणि टोपी काढली.

दारात येऊन ती आईला म्हणाली, "उशीर झाला. गुडघे साथ देत नाहीत."

"हरकत नाही," आई म्हणाली.

आम्ही निघालो. चौकात लोक खिडक्यांआडून बघत होते आणि मी मान ताठ ठेवून चालले. बाबांचा अभिमान मला होताच. त्या दिवशी पुढे चालणाऱ्या त्या बाईचाही वाटला, आणि वाटला म्हणून चीडही आली.

परतल्यावर मिकाएलाने आमची चूल पेटवली, लसणाचं सूप केलं, सगळ्यांना वाढलं. भांडी घासून ती निघाली तेव्हा आईने विचारलं, "मुलाच्या भेटीला जातेस तेव्हा धारा कोण काढतं?"

"इतक्या वर कोण येणार? वासरं गाईंना पाजायला सोडून जाते."

"अशाने गाई आटतील."

"दोन आटल्या."

"तुझ्या मुलाला मी माफ केलेलं नाही, मिकाएला."

"मी कुठे मागितलीय माफी?"

"पुढची भेट कधी?"

"शनिवारी."

शनिवारी उजाडताच आई बादली घेऊन इराओलाच्या गोठ्याकडे निघाली. मागच्या आडवाटेने नाही, सडकेने.