भंडाऱ्यानं पकडलेली गळती

१९९४ चा एप्रिल. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा जानेवारीत तडीस गेला होता, बंद आणि संचारबंदी मागे पडली होती, आणि वाळूजच्या कंपन्यांतले साहेब उन्हाळ्यात गाडीची काच खाली करायला तयार नव्हते. म्हणून मी गारखेड्यात गाडीच्या एसीचं गॅरेज टाकलं. आमच्या सात पिढ्या मेंढरांमागे हिंडल्या. मी, मुंजाबा, थंड हवेच्या मागे लागलो.

माझं मोठं गिऱ्हाईक एकच, बिडकीनचे मल्हारराव. त्यांच्या तीन गाड्या एका कंपनीकडे लागल्या होत्या. त्या दिवशी ते त्यांतली नुकतीच घेतलेली जुनी गाडी घेऊन आले, तेव्हा सदरा घामानं चिकटला होता. मागच्या सीटवर त्यांची आई, बानाबाई, पदरानं वारा घेत बसली होती.

"दुसरीकडं दोनदा गॅस भरला, आठ दिवसांत पुन्हा भट्टी," मल्हारराव म्हणाले. "उद्या दहाला विमानतळावरून साहेब आणायचेत. गाडी गार झाली नाय, तर कंत्राट गेलं. मग तुझ्याकडं तरी कशाला येऊ?"

ते गेले म्हणजे गॅरेजला कुलूप.

बॉनेट उघडलं आणि मी हसलोच. आत सगळं पिवळंधमक! पाडव्याला पूजा करताना बानाबाईनं बॉनेट उघडायला लावून ओंजळीनं भंडारा उधळला होता. पुढची जाळी पार बुजली होती.

"मावशी, गाडीचा एसी तुम्हीच झोपवला की!" मी ऐटीत म्हणालो. "जाळीला हवा लागंना, तर गार कसं व्हायचं?"

मी पाण्याचा पाइप उचलला, तशी म्हातारी गाडीतून उतरून आडवीच आली.

"देवाचा भंडारा गटारात घालतो व्हय रे? मेंढरामागं हिंडलेल्या घरचा ना तू? झाडून घे, कागदावर घे. मी घरी नेते."

पाच मिनिटांच्या कामाला तास लागणार, म्हणून मी मनातल्या मनात चरफडलो. पण वडीलधाऱ्या बाईपुढे काय बोलणार? ब्रश घेतला आणि जाळी, नळ्या, कानेकोपरे झाडत बसलो. भंडारा भुरुभुरु कागदावर पडत होता. फक्त एका नळीच्या सांध्यावरचा हलेना. बोट लावलं तर चिखलासारखा ओला, तेलकट.

मी तसाच थबकलो. गॅसबरोबर तेल फिरतं. गॅस झिरपला की तेलही झिरपतं. सांध्याला साबणाचा फेस लावला. बारीक बुडबुडे आले. आतली रबरी रिंग चिरली होती. पाणी मारलं असतं तर ती खूण धुऊन गेली असती, मी ऐटीत गॅस भरून दिला असता आणि आठ दिवसांनी तोंडावर आपटलो असतो.

मला खरंच लाज वाटली. "मावशी, चुकलो," मी म्हणालो. "गळती तुमच्या भंडाऱ्यानंच धरून दिली."

रिंग बदलली, गॅस भरला. भर दुपारी बानाबाई आत बसली आणि पाचव्या मिनिटाला काचेवर टकटक करायला लागली.

"बंद कर रे मल्हारी, दात वाजाया लागले!"

मल्हाररावांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की मी पुढे झुकलो. "उरलेल्या दोन्ही गाड्या उद्या पाठवतो. त्याबी बघून ठेव, बिघडायच्या आधी."

तेवढ्यात खाली उतरलेल्या म्हातारीनं कागदातला भंडारा मुठीत घेतलेला दिसला. मी धावत जाऊन जाळीवर वर्तमानपत्र धरलं.

"अरे, गाडीला नाय," ती म्हणाली, आणि मूठभर भंडारा माझ्या डोक्यावर उधळला.