बॅट जमिनीला लागत नाही

"बॅट खाली टेकव ना रे मेल्या!" राजाभाऊ टीव्हीतल्या माणसावर ओरडले.

टीव्हीतल्या माणसाने मनावर घेतलं नाही. हेल्मेट घालून, बॅट हवेत धरून तो कमरेला झोके देत उभाच. राजाभाऊंनी हातातल्या डबड्यावरचं बटण दाबलं. आता तोच माणूस गुडघे वाकवून, परसाकडची घाई असल्यासारखा उभा राहिला. बॅट मात्र वरच. पुन्हा बटण. आता तो काठी उगारून कावळे हाकलत होता. पुढचा ओढा ओलांडताना धोतर सावरत होता. उभं राहायचे ढंग संपता संपत नव्हते, पण एकाही ढंगात बॅट जमिनीला लागत नव्हती.

"यॉर्कर पडला तर काय करशील?" राजाभाऊंनी विचारलं. तो झोके देत राहिला.

मुलगा मुकुल पंधरा दिवसांसाठी अमेरिकेहून आला होता, येताना हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम घेऊन. उद्या सकाळी तो परत निघणार. आज सकाळी बायकोला, म्हणजे आर्याला, घेऊन गणपतीपुळ्याला जाता जाता चपला घालत म्हणाला, "बाबा, तुमचा प्लेअर बनवून ठेवा. नाव घाला, मिशी लावा, मग स्टान्स निवडा. कुठलाही घ्या. दुपारी खेळू."

पंधरा दिवसांत तो आपण होऊन बापाशी एवढं बोललेला पहिल्यांदाच.

"दुपारी एक डाव तरी धड खेळा," वासंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्याला शिकवायला जाऊ नका. शिकवलंत की तो उठणार आणि मांडवीला फिरायला जाणार. मग बसा वर्षभर फोनवर 'तिकडे थंडी आहे काय' विचारत."

"मी कुठे शिकवतो?"

"बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून 'कोपर वर, कोपर वर' कोण म्हणत होतं?"

राजाभाऊंनी पुन्हा बटण दाबलं. आयुष्यभर एसटी स्टँडवर कंट्रोलर होते ते. तिरकी लागलेली गाडी त्यांना बघवत नसे. ड्रायव्हर चहाला गेला असला तरी त्याला अर्ध्या चहातून उठवून ती सरळ लावून घेत. घरी आल्यावर अंगणात मुकुलला लावून घेत. मान सरळ, डावं कोपर वर, पाय असा नव्हे, असा. बारा वर्षांचा असताना मुकुलने एक दिवस बॅट दारामागे ठेवली आणि तो बुद्धिबळाच्या क्लासला जायला लागला. तिथे बसून खेळायचं असतं.

इतक्यात धाकू खिडकीत आला. आंबे उतरवायला आला होता, हातात झेल्याची लांब काठी.

"काय वो राजाभाव, ह्यो काय बगताव?"

राजाभाऊंनी त्याला सगळे ढंग पुन्हा पहिल्यापासून दाखवले. धाकूने मान तिरकी करून एकेक निरखला.

"ह्यो आंबे काडतोय," एकाकडे बोट दाखवून तो म्हणाला. "ह्येच्या पायाला मुंगी चावलीय. आनी ह्यो... ह्यो आमच्या सासऱ्यावानी दिसतो. पियाल्यावर असाच हुबा ऱ्हातो."

"पण असे का उभे राहतात रे हे? कोणी ओरडत नाही ह्यांना?"

"मास्तर नसंल त्यांना," धाकू म्हणाला.

राजाभाऊंना हे उत्तर पटलं नाही. स्वतः उभं राहून बघितल्याशिवाय कळणार नाही म्हणून ते वासंतीबाईंचं कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन अंगणात गेले. गुडघे वाकवले, धोपाटणं हवेत धरलं, धाकूला म्हणाले, "टाक."

धाकूने कैरी टाकली. राजाभाऊंनी सवयीने डोळे मिटून लेट कट मारला. डेपोच्या टीममध्ये त्यांच्याकडे हा एकच फटका होता. कैरी धोपाटण्याची कड घेऊन मागे गेली आणि ताटात वाळत घातलेल्या आंब्याच्या रसाच्या साठांच्या मधोमध रुतून बसली.

"चार!" धाकू ओरडला.

"काय चार?" वासंतीबाई बाहेर आल्या. त्यांनी ताट बघितलं. "अहो! अमेरिकेत जायची होती ना ती!"

"खड्ड्याभोवतीचं जाईल की," राजाभाऊ म्हणाले आणि कंबर धरून आत आले.

कंबर लचकल्यावर मात्र निवड सोपी झाली. शेवटून दुसऱ्या ढंगात एक माणूस ताठ, पाय जुळवून, बॅट छत्रीसारखी खांद्यावर टाकून उभा होता. आंजर्ल्याची गाडी अजून का लागली नाही, असा चेहरा. राजाभाऊंनी त्याला मिशी लावली आणि बटण दाबलं.

दुपारी दोघं परतली. जेवून आर्या आत आडवी झाली आणि बापलेक टीव्हीसमोर बसले. वासंतीबाई दाराच्या चौकटीला टेकून राहिल्या.

मुकुलचा प्लेअर आला. एक पाय बगळ्यासारखा वर, बॅट वाऱ्यावर, आणि डावं कोपर पार बरगडीला चिकटलेलं.

"को..." राजाभाऊंच्या तोंडून निघालं.

वासंतीबाई खोकल्या.

"काय?" मुकुलने विचारलं.

"कोकम सरबत घेणार काय?"

"चालेल."

तेवढ्यात मुकुलने चेंडू प्रेक्षकांत भिरकावून दिला. पुढच्या वेळी पुन्हा तेच कोपर, आणि पुन्हा सरबत आलं. तिसऱ्या पेल्याला मुकुलने बापाकडे जरा निरखून बघितलं, पण निमूटपणे प्यायला.

राजाभाऊंच्या मिशीवाल्याने एकदाच चेंडूला बॅट लावली. चेंडू नाजूकपणे मागे गेला.

"चौकार!"

"फाउल, बाबा. मागे मारलेलं इथे चालत नाही."

"मागे चालत नाही? मग इतकी वर्षं मी..." राजाभाऊ म्हणाले आणि लाइट गेली.

टीव्ही काळा झाला. पंखा दोन फेरे घेऊन थांबला.

"प्लेअर सेव्ह केला होतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे गेला तो."

"मिशीसकट?"

मुकुल हसला. वासंतीबाई दारातून त्याच्या पायांकडे बघत होत्या. आता चपला घालणार. पण मुकुल शर्टाची वरची बटणं सोडून तिथेच बसला.

"कसा उभा होता हो तो तुमचा?"

राजाभाऊंनी कोपऱ्यातलं धोपाटणं खांद्यावर टाकलं आणि एसटीची वाट बघत उभे राहिले. मुकुल इतका हसला की आर्याने आतून "काय झालं?" विचारलं.

"द्या इकडे." त्याने धोपाटणं घेतलं आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. एक पाय वर. कोपर बरगडीला. खिडकीतलं ऊन त्याच्या अर्ध्या अंगावर होतं. चेंडूची वाट बघावी तसा तो बापाकडे बघत राहिला.

"बोला, काय बोलायचंय ते."

राजाभाऊंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग कंबर धरून उठले, मधला टीपॉय दोन्ही हातांनी ओढत भिंतीला नेऊन लावला आणि परत येऊन बसले.

"फिरव," ते म्हणाले. "आता लागायचं नाही."