फक्रुद्दीनची बावीस अक्षरं

१९०८ साली मी एक प्राचीन भाषा शोधून काढली. खरं सांगायचं तर घरी बसून तयार केली. कोल्हापुरातल्या शाळेत अकरा वर्षं पोरांकडून मुळाक्षरं घोटून घेत होतो, आणि दरबारात जुने लेख वाचणाऱ्याची जागा निघणार असं कानावर आलं होतं. जागा मिळवायला एखादा लेख सापडायला हवा होता. तो सापडेना, म्हणून मीच सापडवायचं ठरवलं.

बावीस अक्षरं बसवली. काही अडकित्त्यासारखी, काही विंचवासारखी. दगडावर कोरायला फक्रुद्दीनला दिली. तो थडग्यांवरची नावं कोरायचा; खडूनं काढून दिलेलं गिरवायचा, स्वतःला वाचता येत नव्हतं. एकदा कुणाचं नाव उलटं कोरलं म्हणून मयताच्या भावानं त्याला बडवला होता. तेव्हापासून अक्षराचा आवाज कळल्याशिवाय तो छिन्नी लावत नसे.

आवाजांचा मी विचारच केला नव्हता. पण मास्तर माणूस, माहीत नाही म्हणणार कसा? एकाला ‘ढ्रूं’ म्हणालो, एकाला ‘म्घा’, एकाला तर चक्क शिंक दिली. फक्रुद्दीन प्रत्येक आवाज तोंडात घोळवून मगच घाव घालायचा. दगड कोरून झाल्यावर जुना दिसावा म्हणून मी त्याला ताक फासलं आणि रंकाळ्याच्या काठी पुरला. महिन्यानं चार लोकांदेखत उकरायचा होता. दुसरा गडी घेतला तर बोभाटा होईल, म्हणून उचलायला फक्रुद्दीनलाच बोलावण्याची अक्कल मी चालवली.

दरबारचे अधिकारी हंबीरराव आले, त्यांच्यादेखत दगड वर काढला. मी घसा साफ करून वाचू लागलो. पहिल्या ओळीला त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या ओळीत एका अक्षराचा आवाज साफ विसरलो आणि ‘फू’ म्हणून मोकळा झालो.

“मास्तर, त्यो ‘ढ्रूं’ हाय की,” फक्रुद्दीन मागून म्हणाला. मी अडलोय असं बघून त्यानं उरलेला लेख बोट फिरवत खणखणीत वाचून दाखवला. शिंकेसकट.

कुठे शिकलास, असं हंबीररावांनी विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. हंबीरराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले, आणि शाळाच सांभाळा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझा वर्ग हजेरीला ‘ढ्रूं’ म्हणू लागला. त्या गोंधळात फक्रुद्दीन दारात आला. मी त्याला झापायची वाक्यं जुळवून ठेवली होती.

“काल जल्मात पहिल्यांदा वाचलं बघा,” तो म्हणाला. “चार माणसांत वाचलं. आन लोक म्हणत्यात, असली भाषाच न्हाय. मग जी हाय ती शिकवा की.”

हंबीररावांपुढे मी ओशाळलो होतो. आता मात्र मला खरीच लाज वाटली. मी पाटीवर ‘अ’ काढला आणि त्याचा उच्चार सांगितला.

फक्रुद्दीननं पाटी उचलली, शेजारच्या वर्गातल्या मास्तरांना विचारून आला, आणि मगच ‘अ’ म्हणाला.