खंडेनवमीला उडालेला प्लग

मित्रांनो, मी हुबळीच्या सुमंतअप्पांच्या जुन्या स्कूटरच्या इंजिनावर बसलेलं ॲल्युमिनियमचं हेड आहे. तळहाताएवढा माझा जीव. मधोमध एक भोक, भोकाला आतून बारीक आटे, आणि त्या आट्यांत प्लग बसतो. ठिणगी तो टाकतो, नाव त्याचं होतं. मी त्याला फक्त घट्ट धरून ठेवायचं. एवढं एकच काम, आणि तेच माझ्याकडून सुटलं. तेही भर गल्लीत, स्कूटरच्या गळ्यात झेंडूचा हार असताना!

कारखान्यातल्या साच्यातून मी बाहेर आलो, तेव्हा माझे आटे काय लख्ख होते म्हणून सांगू! अप्पांचं अमरगोळच्या मार्केट यार्डात दुकान. त्या रस्त्यावर जाऊन येऊन माझी उमर गेली. ‘अजून एका किकमध्ये सुरू होते बघा,’ असं अप्पा भेटेल त्याला सांगायचे आणि मी फुगून जायचो. यंदा त्यांच्या लेकीला, भार्गवीला, रायापूरला नोकरी लागली. खंडेनवमीला स्कूटरची पूजा करायची आणि दसऱ्यानंतर तिनं ती घेऊन कामाला जायचं, असं ठरलं.

खंडेनवमीला आमच्याकडं गाडीला आंघोळ घालतातच. अप्पांनी मात्र मला आतूनही साफ करायचा घाट घातला. प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, फुंकला, आणि परत लावताना बोटांनी फिरवायचं सोडून सरळ पाना लावला. प्लग तिरका शिरला. मला कळत होतं, पण बोलणार कसं? पोरगी एकटी जाणार, काही ढिलं राहायला नको, म्हणून अप्पांनी पान्याला नळीचा तुकडा अडकवून आणखी जोर केला. ॲल्युमिनियम मऊ असतं हो. पोलादी प्लगापुढं माझे आटे फाटले आणि पाना एकदम हलका फिरला. अप्पांचा हात थांबला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, प्लगवर टोपी दाबली आणि पाना फडक्यात गुंडाळून ठेवून दिला.

मग हळदकुंकू झालं, चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारीपाजारी जमले. भार्गवीनं हसत किक मारली, लिंबं फुटली, आणि स्कूटर चार हात पुढं गेली नाही तोच फाट्! माझ्यातला प्लग उडून स्कूटरच्याच पत्र्यावर आदळला. पोरं कानांवर हात ठेवून पळाली.

“अय्यो, अपशकुन!” अप्पांच्या थोरल्या बहीण वेणूअक्का ओरडल्या. “हिनं हात लावला आणि गाडी फुटली. सुमंतच्या हातात कधी कुरकुरली होती का? नको बाई हिला गाडी.”

भार्गवीनं अप्पांकडं पाहिलं. अप्पा हारातली फुलं नीट करत बसले. आटे माझे गेले आणि बोल लागला त्या पोरीला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसरा झाल्यावर बापलेकीनं स्कूटर ढकलत सटवाजी मेकॅनिककडं नेली. त्यानं मला सोडवलं, उलटं धरलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या भोकात बोट फिरवलं. कुठं लपू असं झालं मला!

“आटे सगळे गेलेत की हो. कुणी आवळला प्लग?”

“काय की,” अप्पा म्हणाले.

प्लगाला चिकटलेली माझी चकचकीत साल भार्गवी नखानं सोलत राहिली.

सटवाजीनं फाटके आटे ड्रिलनं काढून टाकले. मोठ्या झालेल्या भोकात तेल सोडत, टॅप नावाचं हत्यार फिरवून नवे आटे पाडले आणि त्यांत पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवली. आता प्लग त्या पोलादात बसतो. पहिल्यापेक्षा पक्कं झालं, म्हणे. असेलही. पण आपलं एकुलतं एक काम उसन्या पोलादाच्या जिवावर करायचं, याची मला अजून लाज वाटते.

स्कूटर दुरुस्त झाली, तरी भार्गवी बसनंच जायला लागली.

“गाडी घेऊन जा की गं,” एका सकाळी अप्पा म्हणाले.

“नको अप्पा. माझा हात लागला की फुटते ना.”

“शहाणी आहे पोर,” वेणूअक्का म्हणाल्या.

अप्पा चपला घालता घालता थांबले. “अक्का, तिनं काही केलं नाही. प्लग मी आवळला होता. आटे गेले ते मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललास रे?”

“सगळे बघत होते की.”

“माझ्याकडंही सगळेच बघत होते, अप्पा,” भार्गवी म्हणाली.

अप्पांनी मान खाली घालूनच किल्ली तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली, पण हसली नाही. आम्ही रायापूरला निघालो.

मित्रांनो, प्लग असो की साधा स्क्रू, पहिले फेरे बोटांनीच द्या. अडला तर जोर करू नका, काढून परत लावा. आणि एवढं करूनही आटे गेलेच, तर तिथल्या तिथं सांगून टाका. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प बसलो. तुम्हाला आहे.