तयार रोलरवरचा ओरखडा

"नजर धोका देती मियां. कान से काम करो."

उस्तादाचा हा आवाज शिवमूर्तीच्या मनात अजून तसाच होता, तंबाखूने खरखरलेला. उस्ताद हैद्राबादेकडचा. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली तो सेलू सोडून गेला आणि जिनिंग फॅक्टरीतलं त्याचं यंत्र शिवमूर्तीच्या हाती आलं.

कापसातून सरकी काढायची तर जिनाला चामड्याचा रोलर लागतो, आणि रोलरने कापूस धरायचा तर त्याच्या अंगावर तिरप्या खाचा पाडाव्या लागतात. यंत्राचं पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत खाच पाडत जाई. टोक आलं की शिवमूर्ती दांडा ओढून पातं उचले आणि आपला हात वर करी. तो हात बघून भिंतीपाशी उभा असलेला बिरू पट्टा फिरवी, मग पातं अधांतरी माघारी येई, पुढच्या खाचेसाठी. यंत्र जुनं. कधीमधी दांडा ओढूनही पातं चामड्यातच अडकून राही. ते रोलरच्या पल्याड, भुशात बुडालेलं, डोळ्यांना दिसायचं नाही. पण चामड्याची कुरकुर चालूच राहिली की शिवमूर्ती ओळखायचा आणि हात वर न करता दांडा पुन्हा ओढायचा. एवढीच त्यातली मेख.

दिवाळीनंतर रोलर खराब व्हायला लागले. खाचा पाडून झालेल्या, रोलर जिनावर चढवायच्या बेताचा, आणि शेवटच्या फेरीला माघारी येणारं पातं त्या खाचांच्या कडा चिरत यायचं. चामडं उललेल्या ओठासारखं दिसायचं. शिवमूर्तीने पात्याला नवी धार लावली, स्क्रू आवळले, पट्टा बदलून पाहिला. यंत्र बंद ठेवून दांडा ओढला की पातं बिनचूक उठायचं. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या राहिल्या होत्या. दिनकरराव मॅनेजरांनी स्वतः येऊन दांडा ओढून बघितला आणि म्हणाले, यंत्र चांगलं आहे, मिस्त्री जुना आहे, म्हणजे पट्टा फिरवणाराच घाई करतो.

बिरू पोखर्णीकडचा, मेंढरं विकून सेलूला आलेला. मेंढरं हाकल्यागत पट्टा हाकायलाय, म्हणून गडी त्याला हसले. शनिवारपासून येऊ नको, असं त्याला सांगण्यात आलं.

हे सगळं शिवमूर्तीने घरी सांगितलं तेव्हा चन्नबसम्मा परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा मळू लागले.

तिला ठाऊक होतं. पहाटे ती जात्यावर बसली की नवऱ्यावर ओवी गायची,

सेलूच्या जिनामंदी, रूळ बोले घरघर,
माझ्या चुड्याच्या धन्याचा, कान त्याच्या नादावर.

अंथरुणातून तो हसायचा, "रूळ न्हाई, रोलर म्हण" म्हणायचा. या दिवाळीपासून हसणं बंद झालं. ती ओवी वाकडी गाऊ लागली, त्याला आळशी म्हणू लागली, तरी पांघरूण हललं नाही. एकदा तो अंगणात पाठमोरा बसून पाय धूत होता. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. लग्नाच्या उखाण्यानंतर जे कधी घेतलं नव्हतं ते नाव तिने घेतलं. "शिवमूर्ती." नंतर आणखी मोठ्याने. कुंपणावरची चिमणी उडाली. तो पाय धूत राहिला.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी समोर येऊन बोलायची, दारात कुणी आलं की आधी आपणच बोलायची. ऐकू न येणारा मिस्त्री कोण ठेवणार? उलट तोच तिला म्हणायचा, यंदा जिनिंगात पहिल्यासारखा गोंगाट राहिला न्हाई. ती मान हलवायची.

शुक्रवारी दिवेलागणीला बिरू आला. चामड्याचं काम म्हणून आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून शिवमूर्ती ओसरीवर बसला होता, कपाळाचं भस्म अजून ओलं होतं. बिरू खाली पायरीवर टेकला. बायकोने बोचकी बांधली हाईत, सकाळच्याला निघतो, म्हणाला. मग मान खाली घालून, पायरीच्या दगडावर नख ओढत बोलू लागला.

"मिस्त्री, तुमच्या हाताबिगर म्या पट्टा कंदी फिरवला न्हाई. लय इचार केला. तरीबी माजंच चुकलं आसंल, तर तसं सांगा. तुमी सांगितलं की मनाला पटंल."

शिवमूर्तीला त्याचे ओठ दिसत नव्हते. माणूस निरोप घेतोय एवढं त्याला कळलं. त्याने मायेने मान डोलावली.

"हां, हां. बराबर हाय, बिरू."

बिरूने नख दगडावरून उचललं. मग धोतर झटकत उठला. "मंग झालं," म्हणाला, आणि वाकून मिस्त्रीच्या पायाला हात लावला. शिवमूर्ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

चन्नबसम्मा चुलीपुढून उठून ओसरीवर आली.

"थांबा बिरूदादा."

पुढचं ती बिरूला बोलली, पण तोंड नवऱ्याकडे ठेवून, त्याला एकेक शब्द दिसेल असं सावकाश.

"यांना ऐकू येत न्हाई. दिवाळीपासून. पातं उठलं का अडकलं ते यांना कळतच न्हाई. तसाच हात वर करायलेत. तुमचं कायबी चुकलं न्हाई. मला ठावं होतं, दादा. म्या बोलले न्हाई."