शेपटीचा माणूस

सावळ्याच्या हर्षदानं कंपनीचं निळं जाकीट अंगात घातलं, त्या दिवसापासून महिपतीच्या पोटात दुखायला लागलं. जाकीट सगळ्यांनाच मिळालं होतं, महिपतीलाही. पण त्याच्या पोटावर त्याची चेन लागत नव्हती आणि तिला ते कसं मापानं शिवल्यासारखं बसलं होतं. आता जाकिटानंसुद्धा बाजू घ्यावी म्हणजे कमालच झाली की नाही?

पवनानगरच्या वरच्या अंगाला एका रिसॉर्टवाल्यानं हेलिकॉप्टर ठेवलंय. हौशी लोकांना धरणावरून फिरवून आणायचं, नवरदेवाला थेट मंडपाशी उतरवायचं, असला सगळा थाटाचा धंदा. आकाशात ते कितीही ऐटीत उडू दे, जमिनीवर अगदीच लुळं. खाली चाकं नाहीत, नुसत्या दोन नळ्या. शेडमधून बाहेर काढायचं तर नळ्यांना चाकं लावायची, चौघांनी ढकलायचं, एकानं पुढं उभं राहून वाट दाखवायची आणि एकानं मागं शेपटी सांभाळायची. तोंड हातभर वळलं की शेपटी चार हात फिरते, आणि त्या शेपटीच्या टोकाला छोटा पंखा असतो. तो कशाला लागला की संपलं. म्हणून शिट्टी शेपटीच्या माणसाकडं. ती वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, मग ढकलणारा कोणी का असेना.

तीन वर्षं ती शिट्टी महिपतीकडं होती. गावात त्याला ‘हेलिकॉप्टरवाले आबा’ म्हणत. सुदुंबऱ्याच्या पाहुण्यांत त्याला पहिलं ताट मिळायचं ते ह्याच जोरावर.

आणि मग ही आली. हिचा बाप सावळा वरच्या वाडीतला, महिपतीच्या भातलावणीला रोजानं यायचा. पोरगी पुण्यात जाऊन विमानतळावरच्या कामाचा कोर्स करून आली आणि पुढं उभी राहून हात हलवायला लागली. हातवारे तरी काय तिचे, एकदम शिस्तीत. हेलिकॉप्टर उडवणारे कॅप्टन साहेब बघून मान डोलवायचे. महिपतीनं तीन वर्षांत ती मान डोललेली बघितली नव्हती. त्यात साहेबांनी सांगितलं की, एक तारखेपासून शेपटीला एकच माणूस कायमचा नेमायचाय, शनिवारचं लग्न झालं की नाव सांगतो. नाव दोघांतलंच एक, हे चहावाल्यालाही कळत होतं.

शनिवारी सकाळी उर्स्याच्या मंडपात उतरायला नवरदेव फेटा बांधून तयार होता. सोबत करवली, त्याची आठ वर्षांची बहीण. इकडं शेडमधून हेलिकॉप्टर निघालं. पुढं हर्षदा, मागं महिपती. अंग बाहेर आलं, शेपटीचं टोक तेवढं दारात राहिलं. वळवायच्या आधी हर्षदानं हात वर करून विचारलं, मागं मोकळं आहे का. महिपतीची नजर होती कॅप्टनच्या मानेवर, डोलते की काय ती. डोललीच मेली. त्या रागात त्यानं मागं न बघताच हात हलवला, चल म्हणून.

टक्.

दाराच्या लोखंडी खांबाला मागच्या पंख्याचं पातं लागलं होतं. ओरखडासुद्धा दिसत नव्हता. ढकलणाऱ्यांना काही कळलं नाही. हर्षदानं मात्र मान वळवून महिपतीकडं बघितलं. महिपतीनं तोंड फिरवलं आणि मूग गिळून गप्प राहिला. कॅप्टन नेहमी बजावायचे की, पात्याची जी चीर डोळ्याला दिसत नाही तीच माणूस मारते. महिपतीला ते पाठ होतं. पण बोललं की शेपटी गेली, आणि गेली ती कुणाकडं? तिच्याकडं! जीव गेला तरी चालेल, असं त्याला त्या घडीला वाटलं. जीव कुणाचा, ते मनात आणायला तो तयार नव्हता.

हेलिकॉप्टर जाग्यावर आलं. करवली पायरीवर पाय ठेवणार, एवढ्यात हर्षदा कॅप्टनसमोर जाऊन उभी राहिली.

“सर, पातं खांबाला लागलंय. वळवत मी होते.”

कॅप्टननी तिथल्या तिथं उड्डाण रद्द केलं. नवरदेव फणकारत गाडीत बसला आणि रस्त्यानं गेला. तो गेल्यावर कॅप्टननी सगळ्यांना जवळ बोलावलं. महिपतीला वाटलं, आता पोरीची खरडपट्टी निघणार. त्याला बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. पण कॅप्टन म्हणाले की, चूक कोणाच्याही हातून होते, ती सांगायला छाती लागते, आज हिनं तीन जीव वाचवले. ढकलणाऱ्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या.

महिपतीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे चूक त्याची, आणि कौतुक तिचं?

“ती कशाला चुकंल,” तो पुढं घुसत म्हणाला. “हात मी हलवला. मागं न बघता हलवला. पातं माझ्यामुळं लागलं.”

कॅप्टन त्याच्याकडं वळले.

“मग आबा, मघाशी का नाही बोललात?”

महिपतीला खोटं सुचेना. “तिचं कौतुक झालं म्हणून बोललो साहेब,” तो म्हणाला. “न्हाईतर बोललो नसतो.”

कॅप्टननी हात पुढं केला, महिपतीनं गळ्यातली शिट्टी काढून दिली, आणि ती हर्षदाकडं गेली. नवं पातं येईपर्यंत मशीन शेडमध्येच राहणार होतं.

दुपारी महिपती नळ्यांची चाकं सोडवत बसला होता. हर्षदा येऊन दुसऱ्या बाजूचं चाक सोडवायला लागली. त्यानं मान वर केली नाही.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “मी लगीच न्हाई बोलले. मनात शंभर आकडं मोजलं. म्हनलं तुमी सांगताल. तुमी सांगितलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. शिट्टी तुमच्याकडंच ऱ्हायली असती.”

महिपतीचा हात थांबला. ती आकडे मोजत होती तेवढ्या वेळात आपण काय करत होतो, ते त्याला लख्ख आठवलं. उद्या कुणी विचारलंच, तर वळवत हीच होती असं सांगायचं, हे तो मनात घोकत होता. कॅप्टनला त्यानं एवढं मात्र सांगितलं नव्हतं. तिलाही सांगितलं नाही.