दोन घरांचे तबक

मित्रांनो, मी एक जुने पितळी तबक आहे. काठाला पोचा आला आहे, मधली नक्षी झिजून गेली आहे आणि सध्या माझ्यात चिंच वाळत घालतात. चिंचेचे आणि पितळेचे नाते तुम्हाला ठाऊक असेलच. ती आम्हाला उजळवतेही आणि रोज सोबत राहिली तर खाऊनही टाकते. पण चिंचेची तक्रार सांगायला मी तोंड उघडलेले नाही. एक गोष्ट माझ्याशिवाय कुणी पुरती पाहिलेली नाही, म्हणून ती मलाच सांगावी लागणार.

तंजावुरात राजवाड्याजवळच्या कासाराने मला ठोकून ठोकून घडवले. नागलक्ष्मीबाईंच्या लग्नात मी त्यांच्या माहेरून आले. त्यांचे घर मराठी. पूर्वज राजांबरोबर इकडे आले आणि कावेरीचे पाणी पिऊन इथलेच झाले. घरात मराठी, दारात तमिळ आणि राग आला की दोन्ही, अशी त्या घराची भाषा होती.

त्यांच्या परसाला लागून ज्ञानम्माळचे परस होते. ज्ञानम्माळ ख्रिस्ती, विधवा, मिशनच्या शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांना एकच मुलगी, एस्तर. दोन्ही परसांच्या मध्ये एक बुटकी भिंत, भिंतीत एक फाटक आणि फाटकाशी नागलक्ष्मीबाईंचा गोठा. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोघी तासन्‌तास बोलत. दूध उतू गेले तरी बोलणे संपत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला नागलक्ष्मीबाईंनी लाडू आणि मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या, भरून मला त्या घरी पाठवले. आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, ही रीत त्या गल्लीत सगळेच पाळत. ज्ञानम्माळनी मला नाताळपर्यंत ठेवून घेतले आणि अधिरसम भरून परत पाठवले. अधिरसम म्हणजे तांदूळ आणि गुळाचा, आपल्या अनारशाचा सख्खा भाऊ. तेव्हापासून दिवाळी ते नाताळ मी त्या घरी आणि नाताळ ते दिवाळी या घरी. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी मात्र दोन्हीकडे भरलेलेच असे.

त्या घरातला नाताळ काय वर्णावा! बांबूच्या काड्यांचा आणि कागदाचा तारा दारावर चढे. एस्तर गात गात पीठ चाळी. पहिला घाणा तळून झाला की ती हात पुढे करी, आणि ज्ञानम्माळ तिच्या हातावर चापट मारून म्हणत, "आधी शेजारी. वाटल्याशिवाय आनंद आपला होत नाही, वेडे." मग एस्तर मला डोक्यावर घेऊन पळत सुटे.

आता या घरात काय होई तेही ऐका. नागलक्ष्मीबाई मला दोन्ही हातांनी घेत. "अय्यो, येवढं कशाला केलंत?" म्हणत. एस्तर गेली की मागल्या दाराने मला गोठ्यात नेत आणि सगळे अधिरसम गाईपुढे ठेवत. परक्या चुलीवर शिजलेले अन्न त्यांच्या स्वयंपाकघरात येत नसे. त्यांच्या आईचा तोच नेम, आजीचाही तोच. गाईच्या मुखी घातले म्हणजे अन्नाचा अपमान होत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून त्या सांगत, "फार गोड झालं होतं हो!" ज्ञानम्माळचा चेहरा उजळे. मला मात्र वितळून जावेसे वाटे.

पुढे एकसष्ट साली पावसाळ्यात एस्तरला ताप आला. तो उतरलाच नाही.

त्या दिवाळीला नागलक्ष्मीबाईंनी मला नेहमीपेक्षा जड भरून पाठवले. ज्या घरी माणूस गेले तिथे वर्षभर गोडधोड शिजत नाही, शेजाऱ्यांनीच न्यायचे असते. पण लाडू कुणी खायचे? त्यांना मुंग्या लागल्या. मित्रांनो, ते घर आठवले की अजून मला गार वाटते. तारा माळ्यावरून उतरला नाही. चर्चमधून माणसे आली, प्रार्थना करून गेली. ज्ञानम्माळ थंड चुलीपुढे बसून राहत. एकदा त्या भिंतीला डोके टेकून म्हणाल्या, "देवा, मला आनंद देऊ नकोस. मला तो पेलणार नाही. दुसऱ्याला देण्यापुरता तरी दे."

नाताळला पाच दिवस उरले तेव्हा त्या उठल्या आणि त्यांनी तांदूळ भिजत घातले. आदल्या रात्री पहिला घाणा करपला. दुसरा त्यांनी रडत रडत तळला. मग ते अधिरसम एकेक करून माझ्यावर रचले.

नाताळच्या सकाळी चर्चमधून आल्यावर मला घेऊन त्या स्वतः निघाल्या, आणि सणाचा दिवस म्हणून पुढच्या दाराने गेल्या. नागलक्ष्मीबाई दचकल्याच.

"हे काय ज्ञानम्मा? दुखवट्याचं घर तुमचं. या वर्षी कशाला केलंत?"

ज्ञानम्माळ तमिळमध्ये म्हणाल्या, "अक्का, याच वर्षी करायला हवं. ज्याचा हा सण, तो सुखी लोकांसाठी जन्मला नव्हता. एक तुकडा माझ्यासमोर खा. एवढंच मागते. म्हणजे माझ्याही घरी नाताळ झाला असं मला वाटेल."

नागलक्ष्मीबाईंचा हात पुढे आला. बोटे माझ्या काठाला लागली, आणि तिथेच थांबली.

"मला आज उपास आहे हो," त्या म्हणाल्या. "उद्यां खातें. नक्की खातें."

उपास नव्हता. माझ्या काठाला लागलेल्या त्यांच्या बोटांना सकाळच्या इडली-चटणीचा वास येत होता. ज्ञानम्माळनी मान हलवली. दारातल्या ओट्यावर त्या दम खायला जरा टेकल्या आणि मग घराच्या कडेच्या बोळातून परसाकडे निघाल्या. त्यांना तीच वाट जवळची होती. इकडे नागलक्ष्मीबाईंना वाटले, त्या केव्हाच घरी पोचल्या असतील. त्यांनी मला उचलले आणि गोठ्यात नेले.

एकेक अधिरसम गव्हाणीत पडत होता. नागलक्ष्मीबाईंनी मान वर केली तेव्हा ज्ञानम्माळ बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या.

मला वाटले, आता त्या किंचाळतील, निदान शिव्या तरी देतील. त्या गव्हाणीपाशी आल्या. गाईच्या मानेवर हात ठेवून म्हणाल्या, "खा ग माझे आई. तो जन्माला आला तेव्हा त्याला माणसांच्या घरात जागा नव्हती. तुम्हीच आपल्या गव्हाणीत जागा दिलीत. पहिलं गोड तुमचंच." आणि क्षणभर, खरे सांगते, क्षणभरच, एस्तर गात असताना दिसे तसा त्यांचा चेहरा दिसला. मग पदर तोंडाशी धरून त्या फाटकातून निघून गेल्या.

नागलक्ष्मीबाई कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. गव्हाण रिकामी झाली होती. माझ्या तळाला गुळाने चिकटलेला एक तुकडा तेवढा उरला होता. त्यांनी तो नखाने सोडवला, इकडेतिकडे पाहिले आणि तोंडात घातला. चावता चावता त्या हुंदके देऊ लागल्या. "ज्ञानम्मा!" अशी हाक मारत फाटकापर्यंत धावल्या. पलीकडचे दार आतून लागले होते.

उद्या जाऊन सांगू, असे त्यांनी ठरवले. दुसऱ्या दिवशी पायरीपर्यंत गेल्या आणि परतल्या. काय तोंडाने सांगायचे? असे रोज चालले. पोंगल झाला, ज्ञानम्माळचे भाऊ नागपट्टणमहून आले आणि बहिणीला कायमचे घेऊन गेले. त्या घरात आता दुसरेच लोक राहतात. मी इथेच राहिले. नागलक्ष्मीबाई माझ्यात चिंच पसरतात आणि माझ्याकडे पाहायचे टाळतात.

मित्रांनो, मला घासून चकचकीत ठेवा असे मी म्हणत नाही. माझे दिवस झाले. पण घर रिते झालेले एखादे माणूस गोड घेऊन तुमच्या दारी आले, तर त्याला उद्या खातो म्हणू नका. ते उंबऱ्यावर उभे आहे तोवर खा. तो तुकडा किती गोड होता, हे ज्ञानम्माळला अजून कुणी सांगितलेले नाही.